संघटनेचे घर आणि चुलीमागची शपथ

मी, दलसिंग रेवजी वसावे, धंदा शेती आणि निवेदने लिहिणे, राहणार मौजे साजबारी, तालुका अक्कलकुवा, जिल्हा नंदुरबार, राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र करून ठेवतो.

माझे वय शाळेच्या दाखल्याप्रमाणे चौऱ्याहत्तर. आश्रमशाळेच्या मास्तरांनी आम्हा सगळ्या पोरांना एक जूनलाच जन्माला घातले होते, त्यामुळे एखाददुसरे वर्ष इकडेतिकडे धरावे. बुद्धी शाबूत आहे. माझा मेव्हणा गोवाल म्हणतो ती कधीच नव्हती, पण त्याच्या म्हणण्याला कागदोपत्री आधार नाही. चिंचपाड्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि सांगितले, हृदय थकले आहे, डोंगर चढू नका. मी राहतोच डोंगरावर, असे म्हटल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, मग सावकाश चढा. सध्या सावकाश चढतो आहे. जाण्याची भीती वाटत नाही. जेवढे मागितले त्यातले बरेच मिळाले, आणि मागताना मजाही आली.

मजकूर मी सांगतो आहे आणि हिलाल पाटील लिहून घेत आहेत, कारण माझा हात आता कापतो. हिलालभाऊ शहाद्याकडचे, अहिराणी बोलणारे, निवृत्त तलाठी. ते नोकरीत असताना मी त्यांच्या नावे इतकी निवेदने दिली की शेवटी मैत्रीच झाली. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो. येथे ते मराठीत सांगितले आहे.

हा कागद करण्याचे कारण एकच. साजबारीच्या रस्त्याला लागून आमच्या संघटनेचे घर आहे. बैठका तिथे होतात, मोर्चे तिथून निघतात, वनहक्काच्या दाव्यांचे कागद तिथल्या पेटीत असतात. ते घर सगळ्या पाड्यांनी लाहाने बांधले. लाह म्हणजे ज्याचे काम त्याने जेवण द्यायचे आणि बाकीच्यांनी बोलावणे आले की हात लावायला यायचे, मजुरी नाही. पण ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदीत, नमुना आठवर, एकाचे नाव लावावे लागते, ते माझे लागले. मी गेल्यावर घर बायकोमुलांकडे जाईल. मुलगा ईश्वर अंकलेश्वरला कारखान्यात आहे आणि बायकोचा कल मुलीकडे, सुनिताकडे, म्हणजे घर तिचेच झाले म्हणायचे. सुनिताला येती पंचायत समितीची निवडणूक लढवायची आहे. गोवाल म्हणतो, संघटनेने मतपेटीला शिवायचे नाही. त्या घरावर उमेदवाराचा फलक लागला तर मी झेंडा उतरवीन आणि वरचे पाडे घेऊन वेगळा होईन, असे त्याने बजावले आहे. तो बोलतो ते करतो. तेव्हा घर कोणाचे, हे मी डोळे मिटण्याआधी ठरवले नाही तर संघटना फुटेल. ते कलम अवघड आहे, म्हणून सोपी आधी उरकतो.

कलम १. माझी पत्नी कालीबाई हिला मी राहते घर, बैलजोडी, शेळ्या आणि कोंबड्या देतो. हे वाचून दाखवताच ती म्हणाली, “कोंबड्या तुझ्या कधी होत्या?” तेव्हा कोंबड्या खोडाव्यात.

कलम २. वनपट्ट्याची जमीन आम्हा नवराबायकोच्या नावे आहे. ती विकता येत नाही, वारसालाच जाते, त्यामुळे इथे सरकारने माझे काम हलके केले. सुनिता आणि ईश्वर यांनी मध्ये बांध घालू नये. बांधाचे भांडण पिकापेक्षा जोमाने वाढते. कडेच्या मोहाची फुले वेचायला जो येईल त्याला येऊ द्यावे, मग तो कोणत्याही पक्षाचा असो.

कलम ३. माझा ढोल ईश्वरला. होळीला तो घरी येतोच. ढोल असला म्हणजे दोन दिवस आधी येईल. बॅटरीचा कर्णा सुनिताला, तिचा आवाज बारीक आहे. माझी कुऱ्हाड एका जंगल रखवालदाराने मी तरुण असताना जप्त केली. झाड वाळलेले होते हे मी तेव्हाही सांगितले, आताही सांगतो. तो रखवालदार वारला असे ऐकतो. त्याला माफ केले आहे, कुऱ्हाडीवरचा हक्क मात्र सोडलेला नाही.

कलम ४. आता शपथेबद्दल. आमची कसलेली जमीन सरकारी कागदात जंगल म्हणून लिहिलेली होती. दर निवडणुकीला माणसे यायची, पट्टे देतो म्हणायची, बोकड खायची आणि जायची. शेवटी पंच बसले. आमच्या पंचात हात वर करून मोजत नाहीत. एकाचे जरी मन वळायचे राहिले तरी सगळे बसून राहतात. ठरले असे, की प्रत्येक चुलीला पट्टा मिळेपर्यंत मताला शिवायचे नाही. याहामोगी मातेच्या नावाने ज्वारीचे दाणे मुठीत धरून शपथ झाली. रिवाजाप्रमाणे चुलीमागे एक पुरुष. मी घेतली, गोवालने घेतली.

पुढे ग्रामपंचायतीचे मतदान आले. आम्ही शपथवाले शाळेसमोर मोहाच्या झाडाखाली बसून बहिष्काराच्या घोषणा देत होतो. दुपारी वरच्या वाटेने बायका उतरताना दिसल्या. आम्हाला वाटले, भाकरी आली. त्या आमच्यासमोरून रांगेने शाळेत शिरल्या. सगळ्यांत पुढे कालीबाई. मी उठून म्हणालो, “अगं, शपथ!”

ती म्हणाली, “शपथ तुम्ही घेतली. आम्हाला पंचात बोलावलं होतं कोणी?”

जागा बाईसाठी राखीव होती आणि कालीबाई स्वतःच उमेदवार होती. मला पत्ता नव्हता, कारण उमेदवारांची यादी वाचणेसुद्धा आम्ही शपथेविरुद्ध धरले होते. इतकी पक्की शपथ आम्ही केली आणि तीत निम्मे गाव धरायचेच विसरलो. ती निवडून आली, सरपंच झाली. गोवाल तिचा सख्खा भाऊ, पण त्याने बहिणीच्या हातचे पाणी सोडले.

मग एका पावसाळ्याआधी रेशन डोंगरावर आले नाही. आम्ही ग्रामपंचायतीवर मोर्चा नेला. पाहतो तर सरपंचबाई मोर्च्यात. तिने आमच्याबरोबर “सरपंच, जवाब दो” म्हटले, तेही माझ्यापेक्षा मोठ्याने. मग पदर खोचून आत गेली, खुर्चीत बसली, आमचे निवेदन घेतले, पोच म्हणून शिक्का मारला, आणि दुसऱ्या दिवशी तोच कागद घेऊन आम्हा सगळ्यांना तहसीलवर नेले. रेशन आले. त्या दिवशी गोवाल तिच्याकडे जेवला. इतकेच म्हणाला, “आमटीत मीठ कमी आहे.” मीठ बरोबर होते.

तिच्या कारकिर्दीत रस्ता झाला, अंगणवाडी झाली. पट्टे देणे तिच्या हातात नव्हते. ते मिळाले ते आम्ही नंदुरबारपर्यंत पायी गेलो म्हणून. पण दावे ग्रामसभेत अडवायला ठेकेदाराचा माणूस खुर्चीत नव्हता, हेही तितकेच खरे. चालणाऱ्यांनी पट्टे आणले असे गोवाल म्हणतो, निवडून आलेल्यांनी आणले असे सुनिता म्हणते. मी दोन्हीकडे होतो, मला दोघांचेही पटते. त्यामुळे दोघेही मला कच्चा समजतात.

वरच्या पाड्यांत अजून काही चुलींना पट्टा नाही. म्हणून मी त्या शपथेनंतर मत दिलेले नाही आणि देणार नाही. आंदोलनाने निवडणुकीत उतरावे असे आता मला मनापासून वाटते, पण मातेला दिलेला शब्द सोयीसाठी मोडता येत नाही. पंच म्हणतात, चुलीची शपथ चुलीबरोबर मुलाकडे जाते. मी ती ईश्वरला देत नाही. माझी शपथ माझ्याबरोबर चितेवर जाईल. ईश्वरने खुशाल मत द्यावे, आणि देऊन झाल्यावर घरी बसू नये.

या ठिकाणी हिलालभाऊंनी पेन खाली ठेवला आणि विचारले, “दलसिंगभाऊ, हाई मृत्युपत्र शे का मोर्चानं भाषन?” मी म्हणालो, आमच्याकडे दोन्ही एकाच माणसाकडून लिहून घेतात.

कलम ५. संघटनेचे घर. मागच्या बैठकीत मामा-भाची समोरासमोर आले ते नोंदवून ठेवतो.

गोवाल म्हणाला, “मोर्च्यात माणूस माणसाला खेटून उभा असतो. कोण आला, कोण घरी राहिला, सगळ्यांना दिसतं. मत द्यायला तो एकटा पुठ्ठ्याआड जातो. जे तोंडावर बोलता येत नाही ते बोलणं कसलं?”

सुनिता म्हणाली, “मामा, तोंडावर बोलली म्हणून वरच्या पाड्याच्या बाईला ठेकेदाराने काम बंद केलं. पुठ्ठ्याआड तिला कोणी हात लावत नाही. आपण दर वेळी निवेदन द्यायचं आणि घेणारा कोण ते दुसऱ्यांनी ठरवायचं, असं किती वर्षं?”

“खुर्चीत बसलेला उठत नाही, पोरी.”

“आई उठली होती.”

“तुझी आई उठली. तू उठशील कशावरून?”

सुनिताने ‘मी उठेनच’ असा शब्द दिला नाही. तिचा चेहरा उतरला, आणि मला तिचा फार अभिमान वाटला. उगाच शपथा घेऊन हो म्हणणारी असती तर मी हा कागद वेगळा केला असता.

म्हणून माझा निर्णय असा. सुनिताने निवडणूक लढवावी, माझा आशीर्वाद आहे. पण घर तिला देत नाही. संघटनेचे घर मी गोवाल खात्या पाडवी याला देतो. ज्याला निवडून जायचे आहे त्याने घराबाहेर पडावे, आणि त्याला जाब विचारणाऱ्यांकडे छप्पर असावे. अटी दोन. गोवालने कोणालाही मत देण्यापासून अडवू नये. आणि सुनिता निवडून आली तर पहिला मोर्चा त्याने तिच्यावर न्यावा. पडली तर तिला आत घेऊन चहा पाजावा.

कलम ६. मला झेंड्यात गुंडाळू नये. झेंडा मोर्च्याला लागतो. भाषणे करू नयेत. गोवालला बोलायचेच असेल तर थोडक्यात.

पुरवणी, त्याच दिवशी, सह्या होण्याआधी.

वरील मजकूर हिलालभाऊंनी ओट्यावर सगळ्यांना वाचून दाखवला. कलम पाच ऐकताना सुनिताने मान खाली घातली. गोवाल उठला. मला वाटले आता अटींवरून भांडेल. तो हिलालभाऊंना म्हणाला, “साक्षीदारात माझं नाव घाला.”

हिलालभाऊ म्हणाले, “गोवालभाऊ, ज्याले घर भेटी ऱ्हायनं, त्यानी साक्षीदारनी सही करानी नही. सही करशी तर घर जाई.”

“म्हणूनच करतो,” गोवाल म्हणाला. मग माझ्याकडे वळला. “दाजी, मामाने भाचीला द्यायचं असतं. तिच्या बापाचं घर मी घेऊ? मी मत देणार नाही, तिच्या प्रचाराला येणार नाही. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मात्र तिच्या दारात निवेदन घेऊन बसेन. त्याला घर कशाला लागतं?”

त्याने सही केली, प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकला तशी, एकेक अक्षर दाबून. कोणी काही बोलायच्या आत सुनिताने त्याच्या हातातून पेन घेतला. हिलालभाऊंनी तिलाही तेच सांगितले. ती म्हणाली, “माहीत आहे. मामाला नको ते मलाही नको,” आणि त्याच्या खाली सही केली. माझी सही व्हायच्या आधीच साक्षीदारांच्या झाल्या, म्हणून हिलालभाऊ दोघांवर रागावले आणि त्यांनी हे सगळे नव्या कागदावर उतरवून घेतले. मला रडू आले. ते आनंदाचे होते, तब्येतीचे नव्हते, असे नमूद करावे.

सबब कलम पाच रद्द. साक्षीदाराला कागदाने काही मिळू नये, म्हणून सुनिताचा कर्णा मी आजच तिला हातोहात दिला आहे. संघटनेचे घर मी कालीबाईला देतो. तिला विचारले. ती चुलीपाशी होती, तिथूनच म्हणाली, “घर माझं ना आता? मग दोघांनी उद्या सकाळी यावं. पावसात पेटीवर गळतं, कौलं फिरवायची आहेत. जेवण मी देईन.”

हे मृत्युपत्र मला वाचून दाखवले, ते मला मान्य आहे, आणि खालील दोघांच्या डोळ्यांसमोर मी सही करीत आहे.

ठिकाण: साजबारी, ता. अक्कलकुवा, जि. नंदुरबार
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

करून ठेवणार: दलसिंग रेवजी वसावे

लिहून घेणार: हिलाल पाटील

साक्षीदार, ज्यांना या कागदाने काहीही मिळत नाही:
१. गोवाल खात्या पाडवी
२. सुनिता दलसिंग वसावे