तू माझी सब्जेक्ट होतीस

आई, काल आमच्या विभागात मोठा कार्यक्रम झाला आणि तेव्हापासून तुला कधी एकदा सांगते असं झालंय. तू गेलीस त्याला आता पुष्कळ वर्षं झाली, तरी काही चांगलं घडलं की आधी तुलाच सांगावंसं वाटतं, ती खोड काही गेली नाही. तर ऐक. मी आता मानसशास्त्र विभागाची प्रमुख आहे. ज्या विभागाच्या जिन्यात पदर सावरत तू मला विचारलं होतंस, "गो, माका जमात मा?", त्याच विभागाची. यंदा आमची प्रयोगशाळा नवी झाली. ती डुगडुगणारी लाकडी टेबलं गेली, चांगले कॉम्प्युटर आले, आणि खोली अशी चकाचक झालीय की शिपाईसुद्धा चपला बाहेर काढून आत येतो. आमच्या एका मुलीला परिषदेत पहिलं बक्षीस मिळालं. ती वरळी कोळीवाड्यातली, घरातली कॉलेजात शिकणारी पहिलीच. शिवाय तळमजल्यावर आम्ही आजूबाजूच्या लोकांसाठी समुपदेशनाची खोली उघडली. परळ-लालबागच्या बायका तिथे येतात, आधी बराच वेळ "मला काही झालेलं नाही, सहज आले" असं सांगतात आणि मग बोलायला लागल्या की थांबत नाहीत. तू असतीस तर तूही सहजच आली असतीस.

पण या आनंदावर विरजण पडायची वेळ आली होती. आमच्या प्रात्यक्षिक परीक्षेची एक रीत तुला माहीत आहेच. प्रयोग करायला माणूस लागतो आणि तो माणूस ज्याचा त्याने आणायचा. त्याला सगळे सब्जेक्ट म्हणतात. परीक्षेच्या दिवशी आमच्या व्हरांड्यात कुणाची मावशी बसलेली असते, कुणाचे शेजारचे काका पेपर वाचत असतात, कुणाचा भाऊ 'वडापाव दिलास तरच बसेन' म्हणून अडून बसलेला असतो. नवी प्रयोगशाळा झाली तसा एक प्रस्ताव आला की ही रीत आता बंद करावी. कॉम्प्युटरवर तयार आकडे मिळतात, मुलांनी तेच घ्यावेत, उगाच बाहेरच्यांची गर्दी कशाला. बैठकीत सगळे माना डोलवत होते. मला ते मनापासून नको होतं, पण कारण काय सांगणार? शास्त्रीय असं एकही कारण सुचेना. सुचत होतीस ती तू.

मग मी त्यांना तुझी गोष्ट सांगितली.

माझी एम.ए.ची परीक्षा. जी मावसबहीण सब्जेक्ट म्हणून येणार होती तिला ऐन वेळी ताप आलेला. तू साडीला फॉल लावत बसलीयस, सुई थांबवून म्हणतेस, मी येते. मी ओट्याशी उभी राहून तुला समजावतेय की काही कठीण नाही, मी एक शब्द म्हणणार, तो ऐकून तुझ्या मनात जो पहिला शब्द येईल तो तू लगेच सांगायचा, किती वेळ लागला ते मी घड्याळावर बघणार. तू माझ्याकडे अशी बघतेस, जणू मी काहीतरी भलतंच मागितलंय. "मनात येता ता लगेच तोंडाबाहेर काढतत काय कोण?" असं म्हणून तू मलाच झापतेस. तुझंही खरंच होतं. एका खोलीत सासू, सासरे, दीर आणि आम्ही, अशा घरात तू मनात आलेलं पहिलं वाक्य कधी बोलली असशील असं मला वाटत नाही. दुसरं किंवा तिसरं बोलायचीस, म्हणून तर घर चाललं.

सकाळी तू लग्नाकार्याला नेसायची ती साडी काढलीस. इस्त्री मोडेल म्हणून लालबागहून दादरपर्यंत टॅक्सी केलीस, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून हात दाखवून. आणि मांडीवर रव्याच्या लाडवांचा डबा. मुलगी बघायला पाहुणे यायचे असावेत अशी तुझी सगळी तयारी होती, आणि मी टॅक्सीत खिडकीकडे तोंड करून बसले होते, कारण परीक्षेला डबा घेऊन जाणारी आई कुणी पाहिली नव्हती. प्रयोगशाळेत जाडजूड चष्म्याचे, कधी न हसणारे परीक्षक आमच्या मागे येऊन उभे राहिले. मी पहिला शब्द म्हटला, घर. तू डोळे मिटलेस. बऱ्याच वेळाने म्हणालीस, "मंदिर." नवरा, असं मी म्हटलं तेव्हा तू परीक्षकांकडे एकदा बघून सांगितलंस, "निर्व्यसनी." बाबांची तंबाखू त्यांच्या अख्ख्या खात्यात प्रसिद्ध होती. सासू या शब्दाला तर घड्याळ पळतच राहिलं आणि शेवटी तू म्हणालीस, "देवमाणूस." परीक्षक खोकले. माझा प्रयोग पार पाण्यात गेला होता, कारण तुला वाटत होतं की परीक्षा तुझी आहे आणि तुझं एक उत्तर चुकलं तर माझं वर्ष जाईल.

शेवटचा शब्द होता, मुलगी. मी तो पुरता म्हटलाही नव्हता. "पास," तू म्हणालीस.

मी घड्याळाचं बटणच दाबलं नव्हतं. परीक्षकांनी विचारलं, याचा वेळ काय लिहिणार? मी म्हटलं, सर, बटण दाबायच्या आतच उत्तर आलं. ते म्हणाले, तसंच लिहा. तेवढ्यात तू उठून डबा उघडलास आणि तुझ्या ठेवणीतल्या मराठीत म्हणालीस, "सर, घरचे आहेत. माझं काही चुकलं असेल तर हिचे मार्क कापू नका." त्यांनी उभ्या उभ्या एक लाडू खाल्ला. मग दुसरा मागून घेतला. घरी येताना तू मला एकच विचारत होतीस, दुसरा मागितल्यानी म्हणजे पास मा?

बैठकीत मी एवढंच सांगितलं. ज्यांनी प्रस्ताव आणला होता ते आमचे सहकारी चष्मा काढून डोळे पुसत हसत होते, आणि मग म्हणाले की माझे सब्जेक्ट माझे वडील होते, परीक्षा चालू असताना झोपले. मग जो तो आपापल्या सब्जेक्टची गोष्ट सांगायला लागला आणि चहा दोनदा मागवावा लागला. प्रस्ताव मागे घेतला गेला. कॉम्प्युटर राहिले, माणसंही राहिली. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. तुला पुन्हा एकदा त्या जिन्यावरून वर आणल्यासारखं वाटलं.

ही गोष्ट मुलांपर्यंत पोचली आणि त्यांनीच ठरवलं की या वर्षी वर्धापनदिनाला पाहुणे म्हणून आपले सगळे सब्जेक्ट बोलवायचे. कालचा कार्यक्रम तो. सभागृह गच्च भरलं होतं. ज्यांना कुणी कधी व्यासपीठावर बोलावलं नाही अशा बायका गजरे माळून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्या बक्षीसवाल्या मुलीची आई सुरमई तळून घेऊन आली होती आणि एसी बंद करायची वेळ आली, तरी कुणी तक्रार केली नाही. गुलाबाचं फूल घ्यायला ती वर आली आणि फूल हातात घेऊन लेकीला म्हणाली, "आमचे मनातला सगला काढून घेतला. आता तुमचे बाईंना बसवा." सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मला खुर्चीत बसावंच लागलं.

ती मुलगी एकेक शब्द म्हणायला लागली. इतकी वर्षं हे शिकवतेय, पहिलाच शब्द सांगायचा हे मला झोपेतही पाठ आहे. विभाग, ती म्हणाली. मी जरा थांबून म्हटलं, प्रगती. सभागृह हसलं. काम म्हटल्यावर मी समाधान सांगितलं. एकेक उत्तर अगदी तुझ्या इस्त्रीच्या साडीसारखं. मीही या पोरीचा प्रयोग पाण्यात घालत होते आणि मला मनातून फार मजा वाटत होती, की बघ, मी तुझीच मुलगी.

मग ती म्हणाली, आई.

घड्याळ पळत होतं. मी तोंड उघडलं आणि टॅक्सी, सुई, लाडू, तो ओटा, सगळं एकदम आलं, त्यातलं एकही पुढे होईना. रडू येत नव्हतं, उलट हसूच येत होतं. खालून त्या मुलीची आई म्हणाली, "राहू दे गो, पुढला विचार." मुलीने कागदावर 'आई' या शब्दापुढे एक रेघ मारली आणि पुढचा शब्द घेतला.

त्या रेघेच्या जागी काय लिहायचं ते शोधत मी आज सकाळपासून हे लिहितेय. एक शब्द मागितला होता आणि ही इतकी पानं झाली. कुठे पाठवायचं नाही, तेव्हा टेबलाच्या खणात राहील. पण एक सांगून टाकते. तू माझ्या वेळी बटण दाबायच्या आत उत्तर दिलंस, आणि मला अजून विचार करावा लागतोय, कारण तुझ्यापुढे मला अजूनही पास व्हायचं असतं.