दोन किलोमीटर आठशे साठ

दि. १२ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप ताईस,

नमस्कार. तुझं बरं असेल. आमचंही बरंच म्हणायचं. माझा गुडघा कुरकुरतो आणि सूनबाई कुरकुरते. गुडघ्याला तेल लावतो आणि सूनबाईसमोर गप्प बसतो. चिमी मजेत आहे. पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे सध्या मला ‘आदोबा’ म्हणते.

तू फोन उचलत नाहीस. पहिल्या दिवशी वाटलं, चार्जिंग संपलं असेल. मग भाच्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "मामा, आई झोपलीय." सकाळी अकराला! तू सकाळी अकरा वाजता झोपत नाहीस हे मला साठ वर्षं माहीत आहे. तेव्हा म्हटलं, पत्र लिहू. पत्र आलं की वाचल्याशिवाय तुला राहवत नाही, अगदी दुसऱ्याचं असलं तरी.

शाळेचं तुझ्या कानावर गेलं असणार. कोणी कसं सांगितलं असेल कोण जाणे, म्हणून मी पहिल्यापासून सांगतो.

वरून कागद आला की ज्या शाळेत वीसपेक्षा कमी मुलं आहेत आणि तीन किलोमीटरच्या आत दुसरी शाळा आहे, ती बंद करून मुलं त्या दुसऱ्या शाळेत घालायची. आपल्या शाळेचा पट एकोणीस. दुसरी शाळा कालव्यापलीकडच्या गावातली. त्या गावाने लगेच आपली पोरं मागितली. प्रेमापोटी नव्हे, पट वाढला की त्यांना तिसरा शिक्षक मिळतो. इकडे आपल्या गावसभेच्या अध्यक्षाने शाळेसाठी रान उठवलं. सभाही शाळेतच घेतली. आम्ही सगळे बाप्ये पोरांच्या बाकांवर, गुडघे हनुवटीला टेकवून बसलो. अध्यक्ष अर्धा तास बोलला. "शाळा गेली तर गाव गेलं!" टाळ्या पडल्या. त्याचे विरोधक म्हणाले, निवडणूक आली की याला शाळा आठवते. मग जुंपली. शिक्षण खात्याचे साहेब मधोमध फळ्याला पाठ लावून उभे होते, कोटाला मागून सगळा खडू.

सगळं अडलं कशावर, तर अंतरावर. सरकारी दप्तरात लिहिलेलं, ‘सुमारे तीन किलोमीटर’. आता या ‘सुमारे’चं काय करायचं? साहेब म्हणाले, "दोन्ही बाजूंना चालेल असा माणूस द्या, मोजून घेऊ." आणि ताई, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनी! चाळीस वर्षं रस्त्यांच्या कामावर मुकादम होतो, माझं एक माप कधी फिरलं नाही, हे विरोधकांनीसुद्धा उठून सांगितलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

गोदामातलं मोजायचं चाक काढलं, ढकलत नेलं आणि मोजलं. दोन किलोमीटर आठशे साठ मीटर.

चाक जे बोललं ते मी लिहून दिलं. पंधरा दिवसांत हुकूम आला. मुलं आता तिकडे जातात. गाव माझ्याशी असं वागतं की जणू मीच शाळेला कुलूप लावलं. किल्ली गुरुजींनी दिली, कुलूप शिपायाने लावलं, आणि शिव्या मला. यात माझा काय दोष, तूच सांग. फोन उचल आणि सांग.

तुझा
धाकटा


दि. २१ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. पत्राचं उत्तर आलं, पण भाच्याच्या तोंडून. "मामा, आई विचारतेय, कुठल्या वाटेने मोजलं?" एवढंच. त्याला म्हटलं, आईला फोन दे. म्हणाला, आंघोळीला गेलीय. तुझ्या आंघोळी फार वाढल्यात.

कुठल्या वाटेने. एकोणचाळीस वर्षं त्या शाळेत बाई होतीस. नेमकं बोट कुठे ठेवायचं ते तुझ्याकडून शिकावं.

बांधावरून. कालव्याच्या बांधाने खाली फरशीपुलापर्यंत, ती फरशी ओलांडून वीटभट्टीच्या मागून, ते थेट त्यांच्या शाळेच्या फाटकाशी. पोरं पायी जातात ती त्याच वाटेने. गाडीरस्त्याने कोणी पोर चालत जातं का?

आता पुढचं लिहितो. हे मी कोणाला बोललेलो नाही.

मी गाडीरस्त्यानेही मोजलं होतं. आदल्या दिवशी. तीन किलोमीटर चारशे दहा. कागद माझ्या वरच्या खिशात होता. दुसऱ्या दिवशी बांधावरून मोजलं, तो कागदही त्याच खिशात घातला. दोन्ही मापं खरी आहेत, ताई. चाकाने दोन्ही वेळा इमानाने काम केलं. साहेबांनी हात पुढे केला तेव्हा मी खिशात हात घातला, आणि बांधाचा कागद काढून दिला.

का दिला, ते मला अजून उलगडत नाही. तुला दोन कारणं सांगतो, त्यातलं खरं कुठलं ते तू ठरव.

एक तर हे, की अध्यक्ष घरी आला होता. चहा घेतला आणि जाताना दारात म्हणाला, "मुकादम, उद्या नीट मोजा हं." आणि एक भुवई अशी वर केली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. चाळीस वर्षांत किती ठेकेदारांनी अशा भुवया वर केल्या, मी एकाला भीक घातली नाही, आणि हा कालचा मला नीट मोजायला शिकवतो! शाळा वाचावी असं त्याला वाटत होतं, मलाही वाटत होतं. पण त्याच्या भुवईसाठी मोठा आकडा द्यायचा, हे काही माझ्याने होईना. आता हे कारण कागदावर पाहिलं की वाटतं, अरे, एका भुवईपायी?

बरं, साहेबांनी विचारलं होतं, "मुलं ज्या वाटेने जातील ती वाट मोजलीत ना?" मी म्हटलं, "हो साहेब." खरंच तर होतं ते.

पण खरं नव्हतं. ते परवा कळलं.

कालव्याला पाणी सुटलं. सुटलं की फरशीवरून वाहतं, हे या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, आणि मी मोजताना ते माझ्या मनातही आलं नाही. तू हसशील, पण ऐक. आमच्या धंद्यात मापं नेहमी कोरड्यात घेतात. पाणी असलं की काम बंद, चाक गोदामात. चाळीस वर्षं मी प्रत्येक वाट कोरडीच पाहिली. चाक हातात आलं की मला नुसती जमीन दिसते, पाणी दिसतच नाही. दुसऱ्या कोणी मोजलं असतं, तर त्याला आधी पाणी आठवलं असतं.

सकाळी मी तिकडून येत होतो, तर काठावर सगळी पोरं रांगेने उभी. दप्तरं डोक्यावर धरलेली. गुरुजी पँट दुमडून पाण्यात उतरले, गुडघ्याच्या वर लागलं, तसे परत फिरले. मग सगळ्यांना गाडीरस्त्याने नेलं. पहिला तास बुडाला. पहिलीतल्या तिघी वाटेतच बसल्या, त्यांना मी घरी आणलं. एकीने मला विचारलं, "आजोबा, आपली शाळा आता कधी उघडणार?" मी म्हटलं, बघू.

एकोणीसपैकी पाच जण आता जातच नाहीत. पाचही मुली. पाण्याची पाळी संपली की जातील, असं घरचे म्हणतात. मला ते पटत नाही आणि त्यांनाही पटत नसावं.

माझं माप चुकलं नाही, आणि पाच मुली घरी बसल्या. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की माझं डोकं चालत नाही. हुकमाविरुद्ध हरकत घ्यायला अजून दिवस आहेत. पाच मार्चला सुनावणी आहे. जावं की न जावं? जाऊन काय सांगू, की माझं खरं माप धरू नका, दुसरं खरं माप धरा?

रागव, पण बोल.

तुझा
धाकटा


दि. ४ मार्च

ताई,

काल भाच्याचा फोन आला. मी हॅलो म्हणायच्या आत त्याने वाचूनच दाखवलं, कागदावर लिहून घेतलं असणार. "आई म्हणते, मापाचं राहू दे. चिमीचं नाव हजेरीत कितवं आहे, ते मामाला विचार."

मी फोन ठेवला. घरात दोनतीन फेऱ्या मारल्या. सूनबाईने विचारलं, काय झालं, तर म्हटलं, काही नाही, गुडघा.

म्हणजे तुला माहीत आहे. कधीपासून? गुरुजींनी सांगितलं? की पहिल्यापासूनच ओळखलं होतंस? दर फोनला विचारायचीस, "चिमी कुठे बसते रे?" आणि मी सांगायचो, खिडकीकडच्या रांगेत, दुसऱ्या बाकावर. एकदा तर मी तिची बाकावरची मैत्रीणही बनवून सांगितली. तू म्हणालीस, तिथे ऊन येतं, सकाळी जागा बदलून द्यायला सांग. मी म्हटलं, सांगतो.

तर लिहूनच टाकतो. चिमी आपल्या शाळेत नाही. कधीच नव्हती. ती पहिल्या दिवसापासून पिवळ्या व्हॅनने बाजारपेठेच्या गावी मोठ्या शाळेत जाते. मुलाचं आणि सूनबाईचं ठरलं, मी मूग गिळून बसलो. व्हॅन दारात येते तेव्हा मीच तिचं दप्तर चढवतो. अध्यक्षाचा नातूही त्याच व्हॅनमध्ये असतो. सभेत शाळेसाठी गळा काढणाऱ्यांपैकी एकाचंही पोर त्या शाळेत नव्हतं, आणि आम्ही सगळे त्या बाकांवर ठाण मांडून बसलो होतो.

पट एकोणीस होता. चिमी असती तर वीस. वीस असते तर अंतराचा प्रश्नच आला नसता, चाक गोदामातून निघालंच नसतं. सभेत साहेबांनी ‘एकोणीस’ म्हटलं, तेव्हा गुरुजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. म्हणून मोजायचं काम अंगावर आलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं असेल का? की आता सगळे आकड्याबद्दल बोलतील, पोरीबद्दल कोणी बोलणार नाही? आणि छोटा आकडा दिला, तो शाळा बंदच झाली की मग कोणी विचारणार नाही म्हणून? असं काही मनात होतं का, मी पुन्हा पुन्हा विचार करतोय. होतं असं वाटतं. नव्हतं असंही वाटतं. शप्पथ, मला माझंच कळत नाही.

काल सूनबाईला म्हटलं, "चिमीला आपल्या शाळेत घालू या."

ती म्हणाली, "कुठल्या शाळेत? बंद झाली ना?"

"तिचं नाव घातलं तर उघडेल."

"आधी उघडू दे, मग बघू."

"अगं, ती असली तरच उघडेल!"

तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. "बाबा, दोन वर्षं तुम्ही रोज तिचं दप्तर व्हॅनमध्ये चढवलंत. एकदा तरी म्हणालात का, की इथेच घाला?"

नाही म्हणालो. तिचं चुकलं नाही, ताई. तिला वाटलं, आमच्या चिमीला जरा चांगलं मिळावं. हेच प्रत्येकाला वाटलं. मग शाळा बुडाली ती कोणाच्या चुकीने?

आज कचेरीत जाऊन हरकतीचा अर्ज आणला. वर हरकत घेणाऱ्याचं नाव. खाली एक ओळ, ‘सदर शाळेत शिकणाऱ्या पाल्याचे नाव व इयत्ता’. कारकून म्हणाला, "मुकादम, ही ओळ रिकामी ठेवलीत तर अर्ज बाद होतो. हरकत पालकांनीच घ्यायची असते." मग आवाज उतरवून म्हणाला, "नातीचं नाव घाला ना, कोण बघायला जातंय?"

अख्खी दुपार तो कागद समोर ठेवून बसलो. चिमीचं नाव लिहायला मोह झाला. तुला फोनवर इतक्या वेळा लिहिलंच होतं की, तोंडाने. आणखी एकदा, एवढाच काय तो फरक.

उद्या अकराला सुनावणी आहे, शाळेतच. कुलूप तेवढ्यापुरतं काढणार आहेत. अर्ज साहेब मोठ्याने वाचतात, तशी पद्धत आहे. अध्यक्ष असेल, विरोधक असतील, त्या पाच मुलींचे बाप असतील. अर्जाला मी दोन्ही मापं जोडली आहेत, आणि फरशीवर पाणी किती लागतं तेही काठी घालून मोजून आणलंय. बाद झाला तर झाला, पण बाद करण्याआधी वाचावा तर लागेल. पाच मुलींसाठी एवढं पुरेल की नाही, मला ठाऊक नाही. बहुतेक नाही पुरणार.

पाल्याच्या नावापुढे मी ‘कोणी नाही’ असं लिहिलं आहे. अक्षर नीट काढलंय. मी सात वर्षांचा असताना तू त्याच खोलीत माझा हात धरून गिरवून घेतलं होतंस, ते.

तुझा
धाकटा