आईच्या चहातली साखर

अप्पा,

आज दुपारी मी विम्याच्या फॉर्मवर स्वतःच्या नावापुढे 'मधुमेह आहे' असं लिहिलं, आणि तेव्हापासून मला तुमचा राग आलाय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, एव्हाना तो निवायला हवा होता. समोरची मुलगी मला एकेक योजना समजावत होती. एक ज्याची त्याची स्वतंत्र, तिच्यातली रक्कम त्याच्याच आजाराला. दुसरी सगळ्या घराची मिळून, एकाला जास्त लागली की बाकीच्यांना कमी उरते. तिसरी नोकरीच्या ठिकाणची, गटाची, तिच्यात पुष्कळदा जुनं दुखणंही पहिल्या दिवसापासून धरतात. मी मान हलवत होते. मला हे तिच्या जन्माआधीपासून नसलं, तरी तिच्या शाळेच्या दिवसांपासून माहीत आहे.

त्या वेळचं कमलनगरचं आपलं स्वयंपाकघर. मी गुलबर्ग्याहून दोन दिवसांसाठी माहेरी आलेय, आई भाकरी थापतेय, आणि तुम्ही फॉर्म घेऊन आत येता. एजंट बाहेरच्या खोलीत बसलाय, उदगीरचा, आपल्याच सोयऱ्यांतला. घराचा मिळून एक विमा काढायचा ठरलाय, आणि इंग्रजी वाचणारी मी एकटीच. आधीपासूनचे आजार, हा रकाना आल्यावर मी म्हणाले, इथं आईची शुगर लिहायला हवी. काही वर्षं त्या दुखण्यासाठी पैसे मिळणार नाहीत, पण पुढे मिळतील. तुम्ही आवाज खाली आणलात.

"न्हाई म्हणून लिही, अक्का."

"अप्पा, ते खोटं होतंय."

"सोयऱ्यातला माणूस हाय. आज इथं लिवलं की उद्या उदगीरभर व्हतंय. आईला शुगर म्हंजे लेकीलाबी, असंच म्हणत्यात. धाकटीचं जमायलंय, ते मोडायचंय का तुला?"

वर हेही म्हणालात, की कॉन्व्हेंटच्या सिस्टर लोकांनी घरचं बाहेर सांगायलाच शिकवलं वाटतं. आई तव्यावरची नजर न काढता म्हणाली, "मला इचारा की कुणीतर." कुणी विचारलं नाही. मी 'नाही' लिहिलं. मग चहा झाला. आईचा बिनसाखरेचा कप नेहमी वेगळा असायचा. त्या दिवशी तुम्ही त्यातही दोन चमचे साखर घालायला लावलीत. सहीसाठी तिला बाहेर बोलावलंत आणि तिनं तो चहा एजंटासमोर सगळा प्यायला. पुढे धाकटीच्या साखरपुड्यात पेढेही खाल्ले, एक विहीणबाईंच्या हातून, एक तुमच्या.

लग्न झालं, धाकटी पुण्याला गेली. वर्षभरात जावयांचा फोन आला. मी शेजारीच उभी होते, म्हणून मला अक्षर न् अक्षर आठवतं. त्यांच्या कंपनीच्या विम्यात सासू-सासऱ्यांची नावंही घालता येत होती, जुना आजार असला तरी चालत होतं. मामा, घालू का, असं ते विचारत होते. ज्यांच्यापासून लपवलं तेच विचारत होते, अप्पा. तुम्ही हसलात. "आमाला काय धाड भरलीय, जावईबापू?"

मग आईच्या पायाची जखम चिघळली. गुलबर्ग्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, शुगर कधीपासून? तिनं सरळ सांगितलं, बारा वर्षं. किती हलक्या चेहऱ्यानं सांगितलं! डॉक्टरांनी ते कागदावर लिहिलं, तो कागद विमा कंपनीकडे गेला आणि कंपनीचं इंग्रजी पत्र आलं. तुम्ही ते माझ्या हातात दिलंत. आजार लपवला, म्हणून खर्च देणार नाही, एवढंच त्यात होतं. तुम्ही म्हणालात, "मग आता काय करायचं, अक्का?" उभ्या जन्मात पहिल्यांदा मला विचारलंत. मी म्हणाले, जावयांना खरं सांगा. तेवढं सोडून बोल, म्हणालात, आणि आईला घरी आणलंत. घरी मलमपट्टी करत राहिलो. परत नेलं तेव्हा पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

जावई धावत आले. बराच वेळ आईच्या खाटेजवळ बसले, मग मला बाहेर बोलावून म्हणाले, "अक्का, कामून लपिवलं? शुगर तर माझ्या आईलाबी हाय."

हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, तुमच्या तोंडावर, तेव्हाच. तुम्ही वाईट नव्हता. माझी ट्रंक डोक्यावर घेऊन होस्टेलच्या पायऱ्या चढणारे तुम्हीच, माझ्या इंग्रजीसाठी भाऊकीचे टोमणे ऐकणारे तुम्हीच. म्हणूनच राग जास्त येतो. एवढं शिकवलंत, आणि त्या शिक्षणाकडून ते 'नाही' लिहून घेतलंत.

पत्र कुठं पाठवायचं नाहीच, विम्याच्या फाइलीत राहील. पण एक गोष्ट सांगायची राहिलीय. त्या दिवशी एजंट फॉर्म बघून म्हणाला, अक्षर छापल्यावानी हाय. तुम्ही म्हणालात, "कॉन्व्हेंटचं हाय ते." त्या क्षणी मी इतकी खूश झाले, की शेजारी आई साखरेचा चहा पितेय हे विसरले. आज 'मधुमेह आहे' लिहून झाल्यावरही मी आधी अक्षर कसं आलंय तेच पाहिलं.