बारा तारखेचा चौकोन

ती. माया मावशीस,
नूपुरचा साष्टांग नमस्कार.

मावशी, जे आपल्या हातात नाही त्यासाठी झुरू नये, हे मला पटलं आहे. पण आई ही हातातली गोष्ट की हाताबाहेरची? चार दिवस विचार करते आहे, उत्तर येत नाही. तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला थांबला का? इथे सगळे बरे, फक्त आई माझ्याशी बोलत नाही. फोनच केला असता, पण आमची खोली तुला माहीत आहे. बोलतं एक आणि ऐकतात सगळे. म्हणून हे पत्र तुझ्या विनीतच्या हाती देते आहे.

झालं असं, की मी लायब्ररीतून प्राचीन ग्रीक विचारवंतांवरचं पुस्तक आणलं. स्टोइक म्हणत त्यांना. (पप्पा म्हणाले, "बीए झालीस ना? मग आता कसला अभ्यास?") त्यांचा एक नेम होता: आज काय काय वाईट घडू शकेल, ते सकाळीच मनात आणायचं. घडलं तर माणूस हडबडत नाही, न घडलं तर असलेल्याची किंमत कळते. मला हे इतकं आवडलं की मी ते लिहूनच काढायला लागले. चूक एवढीच, की हाताशी भिंतीवरचं कॅलेंडर होतं, आणि आपल्याकडे त्या चौकोनांत फक्त ठरलेल्या गोष्टी लिहितात: गॅसचा नंबर लावला, दूध नको, मामाकडे बारसं. त्यांच्या शेजारी मी लिहिलं, "मिक्सर जळेल." पप्पांनी वाचलं आणि चांगला चालणारा मिक्सर दुरुस्तीला देऊन आले. दुसऱ्या दिवशी लिहिलं, "पाणी येणार नाही." शेजारच्या दौलतकाकांनी दारातून डोकावून वाचलं आणि अख्ख्या मजल्याने पिंपं भरली. (पाणी आलं. शिव्या मला.)

बारा तारखेच्या चौकोनात आईने लिहिलं होतं, "डोळा." तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, आधीच दोनदा पुढे ढकललेलं. त्याखाली मी लिहिलं, "काहीही होऊ शकतं. तयारी असावी." (मोतीबिंदू असून तेवढं मात्र तिने बरोबर वाचलं.)

"घरात असलं बोलतसुद्धा नाहीत, वास्तू तथास्तु म्हणते. तू तर लिहून ठेवलंस! मी नाही जात जा."

मी समजावलं, की अशाने आपल्या माणसाची किंमत कळते.

"इतकी वर्षं डबा भरून देते, तेव्हा नाही कळली?"

आता पप्पांकरवी तिची एकच अट: चार भिंतींसमोर शब्द मागे घे. मावशी, मी घरातली पहिली पदवीधर, आणि भिंतींची माफी मागू? विवेक सोडायचा नाही, हाच तर सद्गुण! पण डॉक्टर म्हणतात, ही तारीख चुकली तर मोतीबिंदू फार पिकेल. काल तिने माझ्या चहात मीठ घातलं. मी काही न बोलता प्यायले. (हे मात्र पुस्तकाप्रमाणे झालं.) तू तिची थोरली बहीण, तुझं ती ऐकेल. अट न घालता ऑपरेशनला जा म्हणावं.

तुझी,
नूपुर

ता. क. : तपासणीच्या वेळी डॉक्टर ऑपरेशन समजावत होते आणि चक्कर मला आली. आईने पाणी पाजलं. तेव्हा बारा तारखेला तू येच. आईजवळ बसायला नाही, माझ्याजवळ.

ता. क. २ : आता आईची समजूत नको घालूस. विनीत पत्र न्यायला आला, त्याच्याही चहात मीठ पडलं. त्याचं तोंड वेडंवाकडं झालेलं आईला दिसलंच नाही, "आवडला ना रे?" असं विचारत होती. मी उठले, खोलीच्या मधोमध उभी राहिले, हात जोडले आणि भिंतींना म्हटलं, शब्द मागे घेते, आईचा डोळा चांगला होऊ दे. "जोरात बोल," आई म्हणाली. चार दिवसांतले पहिले दोन शब्द. मी जोरात बोलले. पलीकडून दौलतकाका ओरडले, "तथास्तु!" आई हसायला लागली आणि हसत हसतच हॉस्पिटलची पिशवी काढायला गेली. चौकोनातलं माझं वाक्य मी खोडून टाकलं आहे. "डोळा" तेवढा ठेवला आहे.