खुनी सरदार नाही

उज्जैन

ती. चांगुणाताईस,

सविनय जय भीम. ख्यालीखुशाली मागाहून, आधी फिर्याद. प्रवासात वाचायला म्हणून तू तुझी व्हॅम्पायरची कादंबरी माझ्या पिशवीत घातलीस आणि पहिल्याच पानावर पेन्सिलीनं लिहिलंस, "खुनी तो सरदारच हाय. वाच आता, पंडिता!" तुझ्या पुस्तकांना मी पिशाच्चवाङ्मय म्हणालो, त्याचा हा सूड. शांतं पापम्!

इथं संस्कृतचे वर्ग नीट चाललेत, जेवण बरं आहे. दिवसभर व्याकरण शिकवतो आणि संध्याकाळी चहाबरोबर तुझा रक्तपिपासू सरदार वाचतो. मजा येते, कबूल. तीनशे वर्षांचा प्रियकर, दिवसा घरात लुडबुड नाही, स्वयंपाकाला नावं ठेवणं नाही. तुले तो काऊन आवडते, ते आता समजलं.

काल पुस्तक संपलं. खुनी सरदार नाहीच! खरा कोण, ते मी सांगणार नाही. बुलढाण्याला जाऊन डोळे दाखव, डॉक्टरांची चिठ्ठी पाठव, मग नाव कळेल. सूड मलाही घेता येतो.

दोन दिवसांत पुस्तक फस्त करणारी तू, हे अर्ध्यातच सोडलंस आणि खुनी अंदाजानं ठोकून दिलास. परवा फोनवर तुझी सून पायल म्हणाली, तांदूळ निवडायलाही तू शेजारच्या अमीनाला बोलावतेस. गोळ्या वेळेवर घेतेस ना?

ताई, साखरेच्या आजारानं आईचे डोळे गेले. तीही शेवटपर्यंत "दिसते मले" म्हणत होती. मला फार भीती वाटते.

तुझा धाकटा,
प्रसेनजित