घाटावरचा वाल

पनवेल,
माघ वद्य पंचमी

प्रिय शकूस,

आबाचे आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. तुझी आई माझ्याशी बोलत नाही, एवढंच. ताट पुढ्यात सरकवते आणि आत निघून जाते. आठ दिवस झाले. का ते सांगतो, पण मला माझ्या चालीने येऊ दे.

इकडे वाल यंदा अस्सा आलाय म्हणतेस! भात कापलं, जमिनीत ओल होती तोवर बी टाकलं, वरून पाण्याचा थेंब नाही, तरी शेंगा तोडून तोडून आईची कंबर धरलीय. आणि इथेच माझं घोडं पेंड खातं. पनवेलच्या बाजारात लोक माझं बी मागून नेतात ना, त्याने डोक्यात वारं शिरलं. वाल म्हटला की मलाच कळतो, असं वाटायला लागलं.

तुझं भाद्रपदातलं पत्र कालपर्यंत देवळीत होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी सासूबाईंनी विहिरीजवळचा भाजीचा तुकडा तुझ्या हाती दिला, थोरल्या जावेलाही कधी दिला नव्हता तो, असं केवढ्या हौसेने लिहिलं होतंस! वाफ्यांचं चित्रसुद्धा काढलं होतंस, वाल कुठे, वांगी कुठे, टोमॅटो कुठे. आणि खाली विचारलं होतंस, सासूबाई म्हणतात घट बसायच्या आत वेल मांडवावर चढला पाहिजे, कारण इथे पौषात पानांवरचं दव गोठतं आणि हिरवं म्हणून काही उरत नाही. पण आबा, तुम्ही तर कार्तिकाआधी वालाला हात लावत नाही. मी कोणाचं ऐकू?

मी हसलो गं. ओटीवर बसून पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. दव गोठतं म्हणे, दव आहे की दही! शेजारचा काशिराम चार वर्षं घाटावर राहून आलेला. तो म्हणाला, कमळाकर, त्या बाई खरं सांगतायत. त्याला मी उडवून लावला. तुला काय लिहिलं ते तुला पाठच असेल, की वाल कसा लावायचा ते पनवेलकरांना शिकवू नका म्हणावं, घाईने टाकलेलं बी कुजतं. कुजतं, शकू, पण इकडे. इकडे भाद्रपदात गुडघाभर चिखल असतो. तिकडची जमीन वेगळी, थंडी वेगळी, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. मी जन्मात थंडी पाहिली ती एका घोंगडीपुरती.

तू माझं ऐकलंस. कार्तिकात माझ्या पुरचुंडीतलं बी टाकलंस आणि पौषात फुलावर आलेला वेल एका पहाटेत काळा पडला. वालाच्या जोडीने उशिरा लावलेली वांगी, टोमॅटो, सगळंच गेलं. मला मात्र 'यंदा भाजी बेताची आहे' एवढंच कळवलंस. खरं कळलं ते जावईबापूंकडून.

आनंदराव बैलगाडीची चाकं न्यायला आले होते ना, त्या दुपारी मी शेतावर त्यांच्यासाठी पोपटी लावली. मडक्यातल्या गरम शेंगा सोलता सोलता ते म्हणाले, शकूने आईचं ऐकलं नाही, मनाला येईल तेव्हा वाल टाकला आणि सगळी बाग घालवली. आईने तुकडा काढून वहिनीला दिला. शकूला विचारलं तर म्हणते, चूक माझीच. म्हणजे पोरी, तू माझं नावही घेतलं नव्हतंस!

आणि मी काय केलं? तोंडातला घास गिळला आणि म्हणालो, हो, लहानपणापासून हट्टीच आहे ती. जावयापुढे माझी शान राहावी म्हणून. वर त्यांना आणखी शेंगा वाढल्या. तुझी आई मागे पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ते गेल्यावर तिने एवढंच विचारलं, लेकीचं नाव जात व्हतं तवा तुमची जीभ कुटं गेली व्हती? तेव्हापासून ती बोलत नाही, आणि मला घास गोड लागत नाही. लाज वाटते गं, तुला तोंड दाखवायची.

हे पत्र तू कोणाला दाखवणार नाहीस, घडी करून ट्रंकेत टाकशील. ओळखतो मी तुला. म्हणून कालच विहीणबाईंच्या नावाने वेगळं पाकीट टाकलंय. आनंदरावांनी ते सगळ्यांसमोर वाचावं, असं वर लिहिलंय. झालेलं सगळं त्यात आहे, पोपटीच्या दुपारचंही. तुझं भाद्रपदातलं पत्रही आत घातलंय, वाफ्यांच्या चित्रासकट. पोरीने विचारलं होतं आणि बापाने चुकीचं सांगितलं, हे त्यांना तुझ्याच अक्षरात दिसू दे. तुकडा परत देणं न देणं त्यांच्या हाती. शेवटी त्यांना विचारलंय, पुढच्या साली वाल कोणत्या तिथीला टाकायचा. त्या सांगतील त्याच तिथीला टाक. आणि बीसुद्धा त्यांच्याकडूनच घे, माझं नको.

तुझाच,
घाटावरच्या वालातलं काही न कळणारा
आबा