स्वयंपाकघरातलं ऊन

आई, तू पित्ताने चक्कर येऊन पडलीस आणि गेलीस, यावर आता माझा विश्वास राहिलेला नाही. तेव्हा सगळे तसंच म्हणाले, डॉक्टरांनी नंतर हृदयाचं नाव घेतलं आणि विषय मिटला. पण त्या मे महिन्यात बडोद्याच्या समा भागातल्या आपल्या घरी, स्वयंपाकघरात तुझ्या डोक्यावरचा पंखा बंदच असायचा. वाऱ्याने गॅस फडफडतो, पोळी फुगत नाही, असं तू म्हणायचीस. बाबा कोयलीच्या रिफायनरीतून येऊन कौतुकाने सांगायचे, ऊन फार म्हणून मजुरांचं दुपारचं उघड्यावरचं काम थांबवलं, सगळ्यांना छास, म्हणजे गार ताक, दिली. आम्ही दोघं कूलरसमोर जेवायला बसायचो आणि तू एकेक पोळी तव्यावरून थेट ताटात आणून टाकायचीस. घरच्या पुरुषांना गार पोळी वाढणं तुला कमीपणाचं वाटे. उन्हाची एवढी समज असलेल्या बाबांना तुझा भिजलेला पदर दिसलाच नसेल? की दिसला, पण पोळी गरम हवी होती? दिसला असणार, असाच मला संशय जास्त येतो. संशय तुझाही येतो, की तू लपवत होतीस. ‘मला नाही होत गरम, सवय आहे,’ असं तू फार चटकन म्हणायचीस, पुढचं कुणी विचारू नये म्हणून.

आता बडोद्याचं ऊन तुझ्या वेळेपेक्षा कडक झालंय. काल सोसायटीत त्यावर मीटिंग झाली. बोलणारे सगळे पुरुष. सेक्रेटरी म्हणाले, “बपोरे घरमांज रहेजो, बस.” दुपारी घरातच राहा, झालं. सगळ्यांनी माना हलवल्या, मीही. घरात गॅससमोर कोण उभं असतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. घरी आलो तर बायको ओट्याला धरून, डोळे मिटून उभी होती. विचारलं तर म्हणते, “काही नाही, पित्त आहे.”

मी तिला म्हटलं, उद्यापासून पोळ्या सकाळीच करून ठेव, दुपारी गॅस पेटवायचा नाही. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू यात माझा काहीतरी डाव आहे.

“दोन दिवस खाल आणि मग तोंड वाकडं कराल,” ती म्हणाली.

मला रागच आला. आज ती माझ्याबरोबर पंख्याखाली जेवायला बसली, आणि मी डब्यातली पोळी घेतली. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणूनच लिहितो. पोळी चिवट लागली, आई. ती समोर घास खात होती, आणि मी वाट पाहत होतो, ती उठून तवा ठेवते का.